कुणाचं पान कुणाखाली

अक्षता गमरेचं अक्षर चांगलं होतं. तिच्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांचं मूळ तेच.

शाळेत फळ्यावरचा सुविचार तिने लिहायचा आणि त्याच्यासमोर उभं राहून भाषण दुसऱ्याने ठोकायचं. पुढे जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या, चुलतबहिणींच्या लग्नपत्रिकांवरची नावं, जुईनगरच्या सोसायटीतली 'उद्या पाणी येणार नाही' ही सूचना, सगळं तिच्याच हातचं. ज्याचं अक्षर चांगलं त्याला काम द्यायचं आणि ज्याचा आवाज मोठा त्याला खुर्ची द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती बदलावी असं कुणाला वाटत नाही, कारण मोठ्या आवाजाचे लोक खुर्चीत आरामात असतात आणि चांगल्या अक्षराचे लोक खाली मान घालून लिहीत असतात.

त्यामुळे ऑफिसच्या मीटिंगमध्ये ऋषीने "टीमचं डॉक्युमेंटेशन कोण ओन करणार?" असं विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"अक्षता मॅडमना द्या. अक्षर मस्त आहे त्यांचं," प्रसाद म्हणाला.

काम सगळं कीबोर्डवरचं होतं, आणि कीबोर्डवर सगळ्यांचं अक्षर सारखंच येतं. हा बिनतोड मुद्दा अक्षताला घरी जाताना सानपाड्याच्या पुलावर सुचला. तिचे सगळे बिनतोड मुद्दे तिला पुलावरच सुचत.

कंपनी सानपाड्याच्या एका टॉवरमध्ये, सहाव्या मजल्यावर. बंदरात उतरलेला परदेशी माल कस्टममधून सोडवायचा आणि कारखान्याच्या दारात नेऊन पोचवायचा, हा धंदा. तो कसा चालतो हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. कागदपत्रं प्रसादच्या डोक्यात, बंदर धर्मराजच्या डोक्यात, पैसे नंदिनीच्या डोक्यात, आणि या तिन्ही डोक्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायचं काम अक्षताकडे. मालकांचा पुतण्या ऋषी एमबीए करून आला आणि ही डोकी बघून घाबरला. त्यातच पुण्याजवळच्या एका मोठ्या कारखान्याचं काम मिळायची चिन्हं दिसू लागली. त्यांची अट एकच होती: तुमचं काम कसं चालतं ते लिहिलेलं दाखवा, आम्ही महिन्याभराने बघायला येतो. काम मिळालं तर ऑफिसात टीम लीड नेमायचा होता.

टीम लीडचं काम गेली सहा वर्षं अक्षताच करत होती. फक्त ती टीम लीड नव्हती.

"हे नीट झालं ना मॅडम, तर आय विल रिमेंबर," ऋषी म्हणाला. अक्षताने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं लक्षात ठेवलं.

मग ऋषीने भिंतीवरच्या टीव्हीवर नवं सॉफ्टवेअर दाखवलं. सगळ्यात वर एक मुख्य पान. त्याच्या खाली पेरेंट पेजेस. प्रत्येक पेरेंटखाली चाइल्ड पेजेस. "आणि रूल एकच," ऋषी म्हणाला, "प्रत्येक चाइल्डला पेरेंट एकच."

"एकच?" धर्मराजने विचारलं. "आयस का बापूस?"

"दॅट डझन्ट मॅटर."

"घरी जाऊन सांग ना असा," धर्मराज म्हणाला.

धर्मराज सारसोळ्याचा. त्याच्या आज्याची जमीन आता कुठल्याशा मॉलच्या पार्किंगखाली होती आणि तो स्वतः बंदरात कंपनीचं बघायचा. यार्डातला कुठला माणूस कधी जेवायला जातो इथपासून त्याला सगळं ठाऊक. अक्षताला तो 'बाय' म्हणायचा आणि ऋषीला काहीच म्हणायचा नाही.

कामाला सुरुवात करायची तर आधी पानांवर लिहिण्याची परवानगी हवी. ती देणार अंधेरीच्या हेड ऑफिसचा आयटी विभाग. अक्षताने विनंती पाठवली. उत्तर आलं, की विनंती ठरलेल्या नमुन्यात करावी. नमुना कुठे आहे? तर नव्या सॉफ्टवेअरमधल्या एका पानावर. ते पान उघडतं का? नाही, परवानगी नाही. तिने हे कळवल्यावर 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, समाधानी असल्यास पाच तारे द्या' असा मेल आला. अक्षताने रागाने एक तारा दिला. तो कुणाला तरी झोंबला असावा, कारण दुसऱ्या दिवशी आयटीने तिला थेट ॲडमिन करून टाकलं. मागितली होती पानावर लिहायची परवानगी. मिळाली अख्खं झाड उपटून दुसरीकडे लावायची.

मग माहिती गोळा करणं सुरू झालं. प्रसादने तीन पानांची प्रस्तावना दिली. 'आयात-निर्यात क्षेत्र आणि मी' असं तिचं स्वरूप होतं. मुद्द्याचं काय ते शेवटच्या परिच्छेदात: सर्व्हर बंद असल्यास वाट पाहावी, तरीही न झाल्यास अक्षता मॅडमना सांगावे. नंदिनीने तिची माहिती अक्षताच्या कानात सांगितली आणि त्यातली निम्मी लिहू नकोस अशी तंबी दिली. धर्मराज तर गाडी चालवता चालवता व्हॉइस मेसेज पाठवायचा. त्यात हॉर्न, मासळीवालीशी झालेला सौदा आणि अधूनमधून कामाचं बोलणं. "...मंग त्याला सांगाचा का कंटेनरचा सील बघून घे. नाय जुलला तर बायला फोन कराचा. ए, सुरमई कशी दिली गो?" अक्षता प्रामाणिकपणे सगळं टाइप करत गेली. सुरमई फक्त वगळली.

पंधरवड्यात पहिली मांडणी तयार झाली आणि तिने ती टीव्हीवर लावली. मुख्य पान, त्याखाली 'कागदपत्रं', त्याखाली 'बंदर' आणि 'अकाउंट्स', त्याखाली बारीकसारीक. कागद आधी होतात आणि माल नंतर सुटतो, एवढा साधा विचार त्यामागे होता. साधा विचार सगळ्यात धोक्याचा, कारण त्याच्या बचावाची तयारी आपण केलेली नसते.

धर्मराज बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिला. "बाय, माजा पान परसादचे पानाखाली कनाला गो?"

"अहो, खाली म्हणजे तसं खाली नाही. ते आतमध्ये आहे."

"म्हंजे मी परसादचे आतमंदी?"

"तांत्रिक गोष्ट आहे धर्मराजभाऊ," प्रसाद समजुतीच्या सुरात म्हणाला आणि मांडी घालून बसावं तसा खुर्चीत पसरला. त्या पसरण्याने घात केला.

"ज्या जमनीवर यो टावर उबा हाय ना, ती आमचे लोकांची व्हती," धर्मराज म्हणाला. "तवा आमी खाली गेलो. आता पानात पन आमीच खाली? कंटेनर कागदावं चालतं का रं? ट्रेलरवं चालतं."

"पैसे भरल्याशिवाय ट्रेलर तरी हलतो का?" नंदिनीने विचारलं. ती कधी मोठ्याने बोलत नसे, त्यामुळे सगळेच दचकले. "माझं पान कुणाच्याच खाली नको. आणि त्याला कुलूप हवं."

अक्षताने मुकाट्याने तिन्ही पानं एका ओळीत आणली. कुणी वर नाही, कुणी खाली नाही, सगळी सख्खी भावंडं. पण सॉफ्टवेअर भावंडांनासुद्धा नावाच्या क्रमाने उभं करतं हे तिला माहीत नव्हतं. सकाळी 'अकाउंट्स' पहिलं आलेलं दिसलं. दुपारी प्रसादने आपल्या पानाचं नाव '१ कागदपत्रं' केलं. चहाच्या वेळेपर्यंत नंदिनीचं '० अकाउंट्स' झालं. संध्याकाळी धर्मराजने बंदरावरून फोन करून रिसेप्शनवरच्या मोनालीकडून '००० बंदर' करून घेतलं. दुसऱ्या दिवशी प्रसादने शून्यांचा नाद सोडून पुढे 'श्री' लावला. पण सॉफ्टवेअरने कसलीही भीडभाड न ठेवता त्याला थेट तळाशी नेऊन बसवलं. प्रसादने दोन दिवस डबा एकट्याने खाल्ला. पानात काय लिहिलंय हे मात्र अजून एकानेही वाचलेलं नव्हतं.

घरी अक्षताने हे सांगितलं ते शेजारच्या सगुणाकाकूंसमोर. काकू मूळ जुईनगर गावच्या. या बिल्डिंगीत त्यांच्या तीन खोल्या होत्या आणि चौथ्या खोलीत काय चाललंय हेही त्यांना माहीत असायचं.

"येवराच ना?" काकू म्हणाल्या. "आमचे तेजसचे हळदीचे पत्रिकेवं येवरी नावा व्हती का वाचता वाचता हळद सुकल. तरी त्याचा मामा रुसला, माजा नाव चुलत्याचे खाली कनाला म्हनून. जेवला पन नाय. मंग धाकट्याचे टायमाला आमी नावा गोल छापली."

"गोल?"

"ताटासारकी गोल. कोन वर नाय, कोन खाली नाय. ज्याचे हातान पत्रिका, त्यानं ती फिरवाची आनि आपला नाव वर कराचा. मामा दोनदा जेवला."

अक्षताला हे एकदम पटलं. इतकं सुंदर, इतकं न्यायाचं! दुसऱ्या दिवशी तिने बंदर कागदपत्रांखाली ठेवलं, कागदपत्रं अकाउंट्सखाली ठेवली आणि अकाउंट्स बंदराखाली ठेवायला गेली. सॉफ्टवेअरने लाल पट्टी दाखवली: एखादं पान स्वतःच्याच मुलाचं मूल होऊ शकत नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा लाल पट्टी. आगरी हळदीत जे सहज जमतं ते परदेशात कोट्यवधी डॉलर खर्चून जमत नाही, हे बघून तिला थोडा अभिमानही वाटला. तिने चिडून तिसऱ्यांदा ते पान माउसने धरलं, ओढलं, आणि ओढताना मुख्य पानच हाताला लागलं. ते जिथे सुटलं तिथे मोनालीचं पान होतं.

मोनाली रिसेप्शनवर बसायची. नवीन माणसाला उपयोगी पडेल म्हणून तिनेही हौसेने, मुख्य पानाच्या बाहेर शेजारीच, एक पान केलं होतं: 'चहा, पाणी आणि टॉयलेटची चावी'.

पान हलवलं की त्याच्या खालचं सगळं त्याच्याबरोबर हलतं, हा या सॉफ्टवेअरचा मोठा गुण. आणि हललेल्या प्रत्येक पानाचा मेल प्रत्येकाला जातो, हा त्याहून मोठा. ऋषी त्या वेळी वाशीच्या एका हॉटेलात पुण्याच्या साहेबांबरोबर जेवत होता. त्याचा फोन टेबलावर थरथरू लागला तो थांबेना. 'कंपनीचे ध्येय' हे पान आता 'चहा, पाणी आणि टॉयलेटची चावी' याच्या खाली आहे. 'कस्टम ड्युटी' हे पान आता 'चहा, पाणी आणि टॉयलेटची चावी' याच्या खाली आहे. साहेबांनी काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

"मॅडम, दोन दिवस राहू द्या ना असंच," मोनाली म्हणाली. "मम्मीला दाखवते."

ऋषी परत आला तो लालबुंद होऊन. त्याने अक्षताच्या हातातून माउस हिसकावला नाही एवढंच. "इनफ! आता ऑर्ग चार्टप्रमाणे करायचं. माणसं जशी, तशी पानं." आणि त्याने पांढऱ्या फळ्यावर चौकोन काढले. सगळ्यात वर 'व्हिजन: ऋषी'. त्याखाली 'टीम लीड (प्रस्तावित): प्रसाद'. त्याखाली बंदर आणि अकाउंट्स शेजारी शेजारी. त्याखाली रिसेप्शन.

अक्षताने फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग खालपासून वरपर्यंत वाचला.

"टीम लीड प्रसाद?"

"प्रस्तावित. क्लायंटसमोर बोलायला चांगला आहे तो."

"आणि माझं पान?"

ऋषीने फळ्याकडे पाहिलं. चौकोन संपले होते. "तुमचं असं सेपरेट फंक्शन नाहीये ना मॅडम. तुम्ही सगळ्यांनाच हेल्प करता. तुमचं 'इतर' मध्ये टाका."

"बरं," अक्षता म्हणाली. या 'बरं'चा राग तिला सानपाड्याच्या पुलावर आला. तोवर ऑफिस बंद झालं होतं.

रविवारी दुपारी तिचे अप्पा लॅपटॉपसमोर बसले. चंद्रशेखर गमरे, गोदीतला माल मोजून घेणारे निवृत्त टॅली क्लार्क आणि युनियनचे माजी चिटणीस. खेडजवळच्या वाडीतून ट्रंक घेऊन आले तेव्हापासून समोर छापील दिसेल ते वाचायचं, ही त्यांची सवय. मेडिकलच्या पावत्यासुद्धा ते मागून पुढून वाचत. त्यांनी चष्मा वर केला.

"ही उतरंड कुणी रचली?"

"साहेबांनी. मी फक्त लावतेय."

"आयुष्यभर मी उतरंडी मोडायच्या गोष्टी केल्या आणि माझी लेक घरात बसून मडक्यावर मडकं चढवते. छान. आणि तुझं कुठाय?"

अक्षताने बोट दाखवलं.

"इतर?" अप्पा उठूनच उभे राहिले. "अगं, इतर म्हणजे काय ते मला विचार! मॅनेजमेंटबरोबर बैठक असली की आमची मागणी 'इतर विषय' मध्ये टाकायचे. आधीचे विषय संपेतोवर चहा यायचा. चहा आला की बैठक संपली. बारा वर्षं आमची मागणी चहापर्यंतच पोचली. आणि तू 'बरं' म्हणून आलीस?"

"तुम्हाला कसं कळलं मी बरं म्हणाले?"

"तुझी आई तशीच होती," अप्पा म्हणाले आणि पुन्हा बसून वाचू लागले. ऑफिसातल्या एकानेही जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं: पानं उघडून आतला मजकूर वाचला. एक वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग ते हसायला लागले.

"अक्षू, हे कुणाचं ऑफिस आहे गं? सर्व्हर बंद, तर अक्षता मॅडमना सांगावं. सील जुळलं नाही, तर बायला फोन. बँकेनं पैसे अडवले, तर अक्षताला विचार. टॉयलेटची चावी हरवली, तर दुसरी अक्षता मॅडमच्या ड्रॉवरमध्ये. पान कुणाचंही असो, शेवटी तूच."

अक्षताने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. तिने स्वतः टाइप केलेली वाक्यं. रोज ऐकून ऐकून तिला ती दिसेनाशी झाली होती. ती एकेक पान उघडत गेली आणि तिचे कान तापत गेले. राग आला तो ऋषीचा आला, प्रसादचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या 'बरं'चा आला. गंमत म्हणजे या वेळी ती पुलावर नव्हती. हाताशी लॅपटॉप होता आणि ती ॲडमिन होती.

तिने 'इतर' उघडलं आणि त्याच्या शेजारी नवं पान केलं. त्याचं नाव ठेवलं 'अडलं तर'. सहा वर्षांत जे जे तिने निस्तरलं होतं ते त्यात लिहीत गेली. सर्व्हर बंद पडला तर आधी कुणाला फोन, मग कुणाला. सीलचा नंबर जुळला नाही तर काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही. उलव्याच्या रस्त्यावर ट्रेलर अडकला तर ड्रायव्हरला आधी जेवायला सांगायचं, कारण उपाशी ड्रायव्हर फोन बंद करतो. मग ते पान उचललं आणि सगळ्यात वर नेऊन ठेवलं. त्याखाली बाकीचं सगळं माल जातो त्या क्रमाने, नावांआधी आकडे घालून लावलं: जहाज लागलं, कागद भरले, ड्युटी भरली, गेटबाहेर पडला, कारखान्यात पोचला. वर कुणाचंच नाव नाही. मालाला मानापमान नसतो. तो आपला वाट मिळेल तसा पुढे सरकतो. शेवटी दोन पानं उरली, ऋषीचं 'व्हिजन' आणि प्रसादची प्रस्तावना. ती कुठेच बसेनात. तिने ती 'इतर' मध्ये टाकली. मेल जाऊ नयेत म्हणून एका चौकोनातली खूण काढावी लागते, हे आता तिला कळलं होतं. तिने ती काढली.

"अप्पा, चहा घेणार?" तिने विचारलं.

"बैठक संपली का?"

"नाही. आज चहा आधी."

पुण्याची मंडळी आली ती सोमवारी सकाळी, पहिल्याच कामाला. एक बाई आणि एक गृहस्थ. गृहस्थ बिस्किटं खात होते, बाई प्रश्न विचारत होत्या. ऋषीने "अवर व्हिजन" म्हणत टीव्ही लावला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात 'अडलं तर' आलं.

ऋषीने मागे पाहिलं. अक्षता दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तिने मान खाली घातली नाही.

"हे... हे रॉंग व्हर्जन आहे," ऋषी म्हणाला.

"का? बरोबर आहे की," बाई म्हणाल्या. "सगळं सुरळीत चाललेलं असताना असली पानं उघडतो कोण? सील जुळलं नाही तर काय करता, दाखवा बघू."

ऋषीने पान उघडलं. बाईंनी मन लावून वाचलं. मग सर्व्हर बंदचं वाचलं, मग बँकेचं. ड्रायव्हरला आधी जेवू घालण्याच्या ओळीपाशी त्या हसल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"प्रत्येक पानाच्या शेवटी एकच. अक्षताला विचारा, अक्षताला सांगा. ही अक्षता कोण?"

"ती ॲक्च्युली... शी इज मोअर ऑफ अ..." ऋषी शब्द शोधू लागला. प्रसादने खाकरून खुर्ची पुढे ओढली. फळ्यावरचे चौकोन अजून कुणी पुसलेले नव्हते.

"मी," अक्षता उभी राहून म्हणाली. "अक्षता गमरे. टीम लीड."

ऋषीने फळ्यावरच्या चौकोनांकडे पाहिलं. नंदिनीने चष्मा पुसायला घेतला आणि पुसता पुसता ठामपणे मान हलवली. बंदरावर जायचं सोडून धर्मराज दारात उभा होता.

"हां," तो म्हणाला. "आमची टीम लीड."

"आणि तुम्ही रजेवर गेलात तर?" बाईंनी विचारलं. त्या सहजी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

"म्हणून तर वरचं पान लिहिलंय," अक्षता म्हणाली. "महिन्याभरात ते शेवटचं वाक्य एकेका पानावरून जाईल. आजवर गेलं नाही, कारण ही अक्षता कोण असं आज पहिल्यांदाच कुणी विचारलं."

बाईंनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं. गृहस्थांनी शेवटचं बिस्किट खाल्लं.

मंडळी गेल्यावर ऋषीने तिला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, असं स्वतःच कसं डिक्लेअर करता? प्रोसेस असते. एचआर असतं. आणि ती पानं आधी होती तशी करा."

"तुम्ही हलवा ना," अक्षता म्हणाली. "पण सांभाळून. ते वरचं पान हलवलं की त्याच्या खालचं सगळं हलतं. मागच्या वेळी चहाखाली गेलं होतं."

"प्रसादला काय सांगू मी?"

"ते तुमचं फंक्शन. आणि पुण्याच्या बाईंनाही कळवायचं असेल ना, की ती टीम लीड नाही, ती इतर आहे? मजकूर सांगा, मी लिहून देते. माझं अक्षर चांगलं आहे."

ऋषी फोनमध्ये काहीतरी शोधू लागला. अक्षता बाहेर आली. हा मुद्दा तिला केबिनमध्येच सुचला होता, पुलावर नव्हे. त्या आनंदात तिला दोन मिनिटं बसवेना.

मग तिने ड्रॉवर उघडला. टॉयलेटची चावी बाजूला सारून सोसायटीच्या सूचनांसाठी आणलेला जाड मार्कर आणि एक पांढरं कार्ड काढलं. जगभरच्या लोकांची नावं लिहून झाली होती. स्वतःचं असं सावकाश कधी लिहिलं नव्हतं. तिने 'क्ष' नीट गोलाईत वळवला, शिरोरेघ एका दमात ओढली. अक्षता गमरे. खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, टीम लीड. चिकटपट्टीने ते टेबलाच्या पुढच्या बाजूला लावलं. मोनालीने लगेच फोटो काढला.

इतक्यात केबिनचं दार उघडलं. ऋषी फोन कानाला लावून बाहेर येत होता. "हां, उलव्याला? कधीपासून? ड्रायव्हर फोन उचलत नाही म्हणजे?" त्याने प्रसादकडे पाहिलं. प्रसादने आपल्या स्क्रीनकडे पाहिलं. ऋषी चालत चालत अक्षताच्या टेबलापाशी आला, फोन पुढे केला आणि त्याची नजर कार्डावर गेली. त्याने ते वाचलं. हात तसाच हवेत राहिला.

"जरा बघता का मॅडम?"

अक्षताने फोन घेतला नाही. "कुणाला विचारताय?"

सगळं ऑफिस काम करायचं थांबलं. फोनमधून कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

"टीम लीडला," ऋषी म्हणाला.

"मग द्या," अक्षता म्हणाली, आणि फोन कानाला लावून तिने पहिला प्रश्न विचारला, ड्रायव्हर जेवलाय का.